डीलरकडे मोटरसायकल दुरुस्तीला देताना: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

नवी मोटरसायकल घेतलेल्या माणसाचे डीलरशी असलेले गोड संबंध बहुधा पहिल्या मोठ्या दुरुस्तीपर्यंतच टिकतात. तोपर्यंतच्या ठरावीक सर्व्हिसिंगमध्ये ऑइल बदलले, फिल्टर बदलला, गाडी धुऊन मिळाली, एवढ्यावर भागते. पण चालत्या गाडीचे इंजिन मध्येच बंद पडू लागले किंवा गाडी सकाळी सुरूच होईनाशी झाली की वेगळा अनुभव यायला लागतो. गाडी आठवडाभर सर्व्हिस सेंटरमध्ये पडून राहते, फोन केला तर पार्ट यायचा आहे एवढेच उत्तर मिळते, बिल सांगितलेल्या आकड्यापेक्षा बरेच मोठे येते, आणि गाडी घेऊन निघाल्यावर थोड्याच अंतरावर मूळ तक्रार पुन्हा डोके वर काढते.

या मनस्तापाचे खापर सहसा मेकॅनिकच्या अडाणीपणावर नाहीतर डीलरच्या लबाडीवर फोडले जाते. दोन्ही गोष्टी जगात आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही बहुतेक प्रकरणांत घोळ झालेला असतो तो निरोप पोहोचण्यात. काउंटरवर तुमचे म्हणणे ऐकणारा सर्व्हिस ॲडव्हायझर गाडी उघडत नाही, आणि गाडी उघडणारा मेकॅनिक तुम्हाला कधी भेटतच नाही. या दोघांमध्ये असते ते फक्त जॉब कार्ड, म्हणजे तुमची तक्रार आणि करायचे काम नोंदवण्याचा कागद. तुम्ही दहा मिनिटे पोटतिडकीने सांगितलेल्या हकिकतीची त्या कार्डावर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम, चेक करणे’ एवढीच ओळ उतरली असेल, तर मेकॅनिकच्या दृष्टीने तुमची तक्रार तेवढीच असते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या कार्डावर काय लिहिले जाते आणि त्याला धरून पुढे काय मागायचे, याभोवतीच फिरतात.

पहिली पायरी: तक्रार स्वतः ओळखून घ्या

गाडी नेण्याआधी बिघाड नेमका कधी होतो हे शोधून काढण्यात घालवलेला वेळ पुढे कितीतरी पटीने वसूल होतो. इंजिन थंड असताना होतो की तापल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, साधारण किती आरपीएमवर, थ्रॉटल उघडताना की सोडताना, पाऊस पडून गेल्यावर की पेट्रोल भरल्यानंतर, टाकी अर्धी रिकामी असताना की भरलेली असताना, हे सगळे नोंदवून ठेवावे. एकाच लक्षणाची कारणे परिस्थितीनुसार अगदी वेगळी निघतात. बराच वेळ चालवल्यावर इंजिन बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण उघडून लावल्यावर गाडी लगेच सुरू होत असेल, तर झाकणातील हवेचा मार्ग तुंबल्याचा संशय घ्यायला जागा आहे. तेच इंजिन हँडल एका बाजूला पूर्ण वळवल्यावर बंद पडत असेल, तर स्टिअरिंगजवळ वाकून वाकून तुटत आलेली वायर तपासायला हवी. खड्ड्यातून जाताना बंद पडत असेल, तर बॅटरीचे सैल टर्मिनल किंवा साइड स्टँडचा स्विच ही तपासाची पहिली ठिकाणे ठरतात. नुसते ‘गाडी मध्येच बंद पडते’ असे कार्डावर लिहिले, तर यातली एकही दिशा मेकॅनिकला मिळत नाही.

मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा आणि आवाजाची तक्रार असेल तर तो नक्कीच घ्यावा, कारण काउंटरवर तोंडाने आवाज काढून दाखवण्याने फारसे साधत नाही. डॅशबोर्डवर इंजिनचा किंवा एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल, तर त्याचा फोटो काढावा आणि तेव्हा गाडी काय करत होती ते लिहून ठेवावे. इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाड्यांचे नियंत्रण युनिट बिघाडाचा कोड साठवून ठेवते, आणि काही गाड्यांत तो क्षण कसा होता याची माहितीही त्यासोबत असते. बॅटरी काढल्याने तो कोड पुसला जाऊ शकतो, आणि कोड पुसला की हा पुरावाही जातो. म्हणून ‘एकदा बॅटरी काढून लावून बघ’ हा मित्रांचा सल्ला डीलरकडे जाईपर्यंत तरी बाजूला ठेवावा.

त्याच वेळी ज्या तपासण्यांना कोणतेही कौशल्य लागत नाही, त्या घरीच उरकाव्यात. किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण) चालू स्थितीत आहे का, साइड स्टँड पूर्ण वर जातो का, क्लच दाबल्यावर स्टार्टर फिरतो का, टायरमधील हवा मालकासाठीच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी आहे का, चेन त्याच पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा सैल झाली आहे का, हे पाहायला पाच-दहा मिनिटे पुरतात. गाडी डगमगते म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी हवा भरून मिटतात, आणि तेवढ्यासाठी गाडी दोन दिवस अडकवून ठेवणे कोणालाच परवडत नाही.

दुसरी पायरी: वेळ ठरवताना नेमके काय विचारायचे

पुष्कळ ठिकाणी दिलेली तारीख ही गाडी आत घेण्याची असते, कामाला लागण्याची नसते. गाडी सोमवारी जमा होते, गुरुवारपर्यंत अंगणात उन्हापावसात उभी राहते आणि शुक्रवारी लिफ्टवर चढते. म्हणून फोनवर ‘कधी आणू’ एवढेच न विचारता ‘मेकॅनिक गाडीला हात कोणत्या दिवशी लावेल’ हे विचारावे. गाडी चालवण्याजोगी असेल, तर त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी ती नेऊन द्यावी.

थंड इंजिनाशी निगडित कामे असतील, तर आदल्या संध्याकाळी देणेच बरे. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे इंजिनच्या झडपांजवळची ठरावीक फट, इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायचा असतो, आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टिंगची तक्रारही रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच तपासता येते. तापलेली गाडी घेऊन जायचे आणि ‘सकाळी सुरू होत नाही’ असे सांगायचे, म्हणजे ‘आमच्याकडे तर पहिल्याच बटणाला सुरू झाली’ हे उत्तर स्वतःच ओढवून घेण्यासारखे आहे.

फोन करतानाच चॅसिस क्रमांक (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) देऊन आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: या गाडीवर कंपनीचा एखादा रिकॉल (दोष दुरुस्त करण्यासाठी गाड्या परत बोलावणे) प्रलंबित आहे का, आणि तुमच्या लक्षणाविषयी कंपनीने डीलरना काही तांत्रिक सूचना पाठवलेली आहे का. एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत तोच बिघाड येऊ लागला की कंपनी अशा सूचना काढते, आणि काउंटरवरच्या माणसाला त्या तोंडपाठ असतील असे समजू नये. चॅसिस क्रमांक १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे नसतात. त्यामुळे गोल दिसणारे चिन्ह बिनदिक्कत शून्य समजावे. या एका अक्षराच्या घोळात चुकीच्या मॉडेलचा पार्ट मागवला जाऊ शकतो.

तिसरी पायरी: जॉब कार्ड

इथे थोडे रेंगाळणे गरजेचे आहे, कारण पुढच्या बहुतेक भांडणांचा निकाल या कागदावर लागतो.

कार्डावर लक्षण लिहावे, इलाज लिहू नये. हे वाटते तितके सोपे नाही. चार ठिकाणी वाचून, दोन मित्रांना विचारून आपण गाडीचे निदान मनाशी ठरवूनच जातो आणि काउंटरवर सांगतो, ‘इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) साफ करून द्या.’ ॲडव्हायझर तसे लिहितो, मेकॅनिक इंजेक्टर साफ करतो, बिल लागते आणि गाडी पूर्वीसारखीच धक्के मारत परत येते. आता तक्रार कशाची करणार? सांगितलेले काम त्यांनी केलेले असते. त्याऐवजी ‘इंजिन तापल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये, ३००० ते ४००० आरपीएमच्या दरम्यान थ्रॉटल स्थिर धरला असता गाडी धक्के मारते, थंड असताना मारत नाही’ असे लिहिले असते, तर धक्के थांबेपर्यंत काम पूर्ण झाले असे त्यांना म्हणता आले नसते. निदान करण्याची जबाबदारी ज्याची आहे त्याच्याकडेच राहू द्यावी. आपला अंदाज सांगायचाच असेल, तर तो तोंडी सांगावा.

ॲडव्हायझर घाईत असतो. त्याच्यामागे आणखी माणसे उभी असतात आणि संगणकाच्या पडद्यावर तक्रारीसाठीची जागा अपुरी असते. हे गृहीत धरून आपली तक्रार घरीच एका कागदावर पाच-सहा ओळींत लिहून न्यावी, ती कार्डाला जोडायला सांगावी आणि ‘सोबतच्या कागदाप्रमाणे’ असे कार्डावर लिहून घ्यावे. व्हिडिओही तिथेच दाखवून त्यांच्या अधिकृत क्रमांकावर पाठवून ठेवावा. असा कागद घेऊन येणाऱ्या माणसाकडे आधी जरा कपाळाला आठी घालून पाहिले जाते, पण मेकॅनिकच्या हाती तो पडला की त्याचेच काम सोपे होते.

कार्डावर याखेरीज काय असावे? ओडोमीटरचा आकडा, टाकीतील पेट्रोलची पातळी, आधीपासून असलेले ओरखडे आणि फुटके भाग, आणि गाडीसोबत दिलेल्या वस्तूंची नोंद. गाडीचे चारही बाजूंनी फोटो तिथेच, सर्व्हिस सेंटरच्या दारात काढावेत. सोबतच्या बॅगा, फोनचा होल्डर, टूलकिट अशा सुट्या वस्तू घरीच ठेवून जाव्यात.

बाहेरून बसवलेल्या वस्तूंबद्दल मात्र लपवाछपवी करू नये. जादा दिवे, अलार्म, बदललेला सायलेन्सर, इंधनाचे प्रमाण बदलणारे यंत्र यांपैकी काहीही लावलेले असेल, तर ते सांगावे. बॅटरी उतरण्याच्या तक्रारीत अशा जोडण्यांतून गाडी बंद असतानाही झिरपणारा करंट हे खरोखरच नेहमीचे कारण असते. शक्य असेल तर ही जोडणी काढून, मूळ स्थितीत बिघाड होतो का हे आधीच पाहून जावे. तसे केले असेल, तर ‘तुम्ही बाहेरची वायरिंग केली आहे’ हे सगळ्यात सोयीचे उत्तर काउंटरवर उरत नाही.

शेवटी दोन वाक्ये कार्डावर लिहून घ्यायलाच हवीत. पहिले: अमुक रकमेच्या पुढे जाणारे कोणतेही काम माझ्या लेखी संमतीशिवाय करू नये. दुसरे: बदललेले जुने पार्ट मला परत द्यावेत. वॉरंटीत बदललेले पार्ट बऱ्याचदा कंपनीकडे परत पाठवावे लागतात आणि काही पार्ट जुना देऊन नवा घ्यायच्या बोलीवर मिळतात. अशा वेळी ते घरी नेता येणार नाहीत, पण पाहता येतील. कार्डाची प्रत किंवा फोटो हातात आल्याशिवाय तिथून निघू नये.

चौथी पायरी: एस्टिमेट वाचणे

एस्टिमेटमध्ये, म्हणजे खर्चाच्या आधी दिलेल्या अंदाजात, तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात: निदानाचा खर्च, पार्ट आणि लेबर. त्या सुट्या करून मागाव्यात. निदानासाठी वेगळे पैसे लागत असतील, तर दुरुस्ती तिथेच करून घेतल्यावर ते वजा होणार का, आणि बिघाड सापडलाच नाही तर काय, हे आधी ठरवावे.

लेबरचा हिशेब पुष्कळ डीलर ठरावीक तासांवर करतात. प्रत्येक कामासाठी कंपनीने किंवा डीलरने वेळ नेमलेला असतो आणि मेकॅनिकने ते काम लवकर संपवले किंवा त्याला जास्त वेळ लागला तरी तेवढ्याच तासांचे पैसे लावले जातात. या पद्धतीचा एक परिणाम नवख्यांनी ओळखून असावा. क्लच प्लेट बदलण्याला नेमका वेळ ठरवता येतो. पण अधूनमधून येणारा विजेचा बिघाड शोधायला अर्धा तास लागेल की दोन दिवस, हे कोणालाच सांगता येत नाही. वॉरंटीच्या कामांत तर कंपनी मोजून दिलेल्या वेळेचेच पैसे डीलरला देते. त्यामुळे शोधाशोध करायला कोणाची तयारी नसते आणि अंदाजाने पार्ट बदलून पाहण्याकडे कल वाढतो. यात मेकॅनिकची नियत वाईट असतेच असे नाही. व्यवस्थेचा उतारच त्या बाजूला आहे. मालकाने काय करावे, तर तपासासाठी थोडे पैसे वेगळे मंजूर करावेत आणि ‘आधी तपास, मग मला फोन, मग पार्ट’ हा क्रम लिहून घ्यावा.

पाचवी पायरी: पार्ट बदलण्यापूर्वी एक प्रश्न

‘हा पार्ट खराब आहे हे कोणत्या चाचणीवरून कळले?’ हा प्रश्न शांतपणे, भांडणाचा सूर न लावता विचारावा. ज्याने तपास केला आहे त्याला याचे उत्तर एका वाक्यात देता येते.

चार्जिंगची तक्रार हे याचे चांगले उदाहरण आहे. बॅटरी वारंवार उतरते म्हटल्यावर नवी बॅटरी बसवली जाते, महिनाभर सगळे ठीक चालते आणि मग तीही उतरते. प्रत्यक्षात साध्या मल्टिमीटरने काही मिनिटांत बरेच काही कळते. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी काही तास विश्रांती मिळाल्यावर साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू करून आरपीएम वाढवल्यावर बॅटरीच्या टोकांवर बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. तो १२ च्या घरातच अडकून राहिला, तर चार्जिंग होत नाही, मग स्टेटर (इंजिनवर वीज तयार करणारी गुंडाळी), रेग्युलेटर (ती वीज बॅटरीजोगी करणारा भाग) किंवा त्यांच्यामधला जळका कनेक्टर यांपैकी काहीतरी दोषी आहे. तो १५ च्या पुढे गेला, तर रेग्युलेटर बॅटरीला प्रमाणाबाहेर चार्ज करून मारतो आहे. दोन्ही स्थितींत नुसती नवी बॅटरी बसवणे म्हणजे आणखी एका बॅटरीचा बळी देणे होय. स्टेटरपासून निघणाऱ्या, बहुधा एकाच रंगाच्या तीन वायरींपैकी एखादी गाडीच्या सांगाड्याशी जोडली गेल्याचे मीटरवर दिसले, तर स्टेटर जळल्याचे पक्के होते. हे आकडे तपासून सांगा, असे म्हणणाऱ्या ग्राहकाला अंदाजपंचे उत्तर देणे जड जाते, आणि मेकॅनिक जाणकार असेल तर त्याला असा ग्राहक आवडतोही.

एक पार्ट बदलून तक्रार गेली नाही आणि दुसरा सुचवला गेला, तर पहिला पार्ट मुळात खराब होता का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. खराब नसेल, तर त्याचे पैसे तुम्ही का द्यावेत, ही चर्चा तिथेच व्हावी. बिल भरल्यावर ती होत नाही.

सहावी पायरी: वाट पाहणे

पार्ट यायचा आहे हे उत्तर खरेही असते आणि कधीकधी पार्ट मागवायचाच राहून गेलेला असतो. फरक कळण्यासाठी पार्ट क्रमांक, ऑर्डर केल्याची तारीख आणि कंपनीकडून मिळालेली अपेक्षित तारीख, या तीन गोष्टी मागाव्यात. पार्ट क्रमांक हातात आला की दुसऱ्या डीलरकडे तो शिल्लक आहे का हे तुम्ही स्वतः विचारू शकता. जुना क्रमांक बंद करून कंपनीने नवा दिलेला असतो, असेही घडते; ‘हा पार्ट आता मिळत नाही’ असे सांगितले, तर त्याच्या जागी आलेला नवा क्रमांक पाहायला सांगावे.

गाडी सुरक्षितपणे चालवता येत असेल, तर पार्ट येईपर्यंत ती घरी घेऊन यावी. इंजिन उघडून ठेवलेली गाडी महिनाभर एका कोपऱ्यात पडून राहिली, तर तिचे सुटे बोल्ट दुसऱ्या गाडीच्या डब्यात जाण्याचा आणि जोडताना काहीतरी विसरण्याचा धोका वाढतो. महत्त्वाचा पार्ट हाती आल्याखेरीज गाडी उघडू नका, असे आधीच सांगितलेले चांगले.

पाठपुरावा एकाच माणसाकडे आणि लेखी करावा. रोज फोन करून वेगवेगळ्या माणसांशी वाद घालण्याने काही हलत नाही. आठवड्यातून एकदा ‘आज झालेल्या बोलण्याप्रमाणे पार्ट अमुक तारखेला अपेक्षित आहे’ असा दोन ओळींचा संदेश पाठवला, तर पुढे गरज पडल्यास तोच तुमचा पुरावा होतो.

सातवी पायरी: ‘आम्हाला काहीच सापडले नाही’

हे उत्तर ऐकून संताप येतो, पण अधूनमधून होणाऱ्या बिघाडात ते प्रामाणिकही असू शकते. अशा वेळी ‘नीट बघा’ असे पुन्हा सांगून उपयोग नाही. मेकॅनिकला बरोबर घेऊन टेस्ट राइडला जायची मागणी करावी, आणि ज्या परिस्थितीत बिघाड होतो ती शक्य तितकी तशीच निर्माण करावी: गाडी तेवढाच वेळ तापवावी, तोच वेग धरावा, टाकीत तेवढेच पेट्रोल असावे. तेही जमत नसेल, तर गाडी परत घ्यावी, पण कार्डावर ‘तक्रार नोंदवली, तपासणीत दोष आढळला नाही’ असे ओडोमीटरच्या आकड्यासह लिहून घ्यावे. वॉरंटी संपत आली असेल तर या नोंदीचे मोल फार आहे. बिघाड वॉरंटीच्या मुदतीतच कळवला होता हे दाखवणारा कागद नसेल, तर मुदत उलटल्यावर कोणी तुमच्या तोंडी शब्दावर काम करून देत नाही.

आठवी पायरी: गाडी ताब्यात घेताना

गाडी उजेडात, बंद व्हायच्या वेळेच्या निदान तासभर आधी घ्यावी. शटर ओढायच्या बेतात असलेल्या माणसाकडून काहीही नीट तपासून मिळत नाही.

प्रथम बिल आणि जॉब कार्ड शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवावी. कार्डावर नसलेले काम बिलावर आले असेल, तर त्याला संमती कोणी आणि कधी दिली हे विचारावे. ‘कन्झ्युमेबल’ (ग्रीस, क्लीनर असे वापरून संपणारे साहित्य) या नावाखाली लावलेली रक्कम कशाची आहे तेही विचारायला हरकत नाही. ऑइलचा ग्रेड बिलावर लिहिलेला असावा. ज्या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यांना सहसा ‘जासो एमए’ (JASO MA) या मोटरसायकल ऑइलच्या मानकाचे ऑइल लागते, आणि मोटारींसाठीच्या काही ऑइलमधील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे असा क्लच घसरू शकतो. ब्रेक फ्लुइड बदलले असेल, तर त्या फ्लुइडच्या डबीच्या झाकणावर छापलेला प्रकारच वापरला आहे ना, हे पाहावे. सिलिकॉनचे ‘डॉट ५’ आणि ग्लायकॉलचे ‘डॉट ४’ किंवा ‘डॉट ५.१’ एकमेकांत चालत नाहीत.

मग गाडीकडे वळावे. ब्रेक पॅड बदलले असतील, तर गाडी हलवण्याआधी पुढचा लिव्हर आणि मागचा पेडल काही वेळा दाबून तो घट्ट लागतो का पाहावे. पॅड बसवताना कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन मागे ढकललेले असतात, आणि ते पुन्हा पुढे येईपर्यंत पहिले एक-दोन दाब पोकळ जाऊ शकतात. हे दाब दारातून बाहेर पडताना रस्त्यावर घालवू नयेत. चाक काढले असेल, तर ॲक्सलचा नट आणि असल्यास त्याची पिन जागेवर आहे का, चेन योग्य तेवढी सैल आहे का, हे पाहावे. फार ताणलेली चेन ही सैल चेनइतकीच वाईट असते आणि माणूस बसल्यावर ती आणखी ताणली जाते. इंजिन सुरू करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. तसे करताना आरपीएम वाढत असेल, तर थ्रॉटलची केबल ओढली जाते आहे आणि गाडी तशी रस्त्यावर न्यायची नाही. थ्रॉटल सोडल्यावर झटकन बंद व्हायला हवा. दिवे, ब्रेकचा दिवा दोन्ही ब्रेकना लागतो का, फेअरिंगचे (बाहेरच्या आवरणाचे) सगळे स्क्रू परत लागले आहेत का, इंजिनखाली ऑइलचा थेंब दिसतो का, एवढे पाहून झाले की पुरे.

टायर नवा असेल तर त्याच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचावा. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे २३२४ हा टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर चाक त्याच दिशेने बसवले आहे ना हेही पाहून घ्यावे. नव्या टायरवर पहिले दीडशेएक किलोमीटर आणि नव्या ब्रेक पॅडवरही सुरुवातीचा काही काळ सांभाळून चालवावे लागते; तेव्हाची कमी पकड हा बिघाड नसतो.

पैसे देण्यापूर्वी टेस्ट राइड घेण्याची मागणी करावी. काही ठिकाणी ती नाकारतात. मग पैसे देऊन लगेच जवळच एक फेरी मारावी आणि तक्रार उरली असेल तर घरी न जाता तसेच परत यावे. त्याच दिवशी परत आलेली गाडी ही त्यांची अपुरी राहिलेली दुरुस्ती असते. पंधरा दिवसांनी आणलेली गाडी त्यांच्या लेखी नवी तक्रार होते.

नववी पायरी: तरीही काम झाले नाही तर

परत जाताना नवे कार्ड उघडायला लावून त्यावर ‘मागील जॉब कार्ड क्रमांक अमुक, तीच तक्रार कायम’ असे लिहून घ्यावे. हे शब्द नसतील तर संगणकाला ते स्वतंत्र काम दिसते आणि तपासाचे पैसे पुन्हा लागतात.

दुसऱ्या फेरीलाही यश आले नाही, तर ॲडव्हायझरशी वाद वाढवू नये. त्याच्या हातात निर्णय फारसे नसतात. सर्व्हिस मॅनेजरला किंवा वर्क्स मॅनेजरला भेटायची वेळ मागावी आणि जाताना एका पानाची हकिकत न्यावी: तारखा, ओडोमीटरचे आकडे, कोणते पार्ट बदलले, किती पैसे दिले, आजची स्थिती काय आणि तुम्हाला नेमके काय हवे आहे. ही शेवटची ओळ लिहायला लोक विसरतात. ‘मला न्याय हवा’ यावर मॅनेजर काही करू शकत नाही. ‘कंपनीच्या तांत्रिक विभागाकडे हे प्रकरण पाठवावे आणि खराब नसताना बदललेल्या पार्टचे पैसे परत करावेत’ यावर मात्र त्याला हो किंवा नाही म्हणावेच लागते. डीलरना मोठ्या अडचणींसाठी कंपनीच्या तज्ज्ञांची मदत मागता येते, पण ग्राहकाने आग्रह धरल्याशिवाय ती प्रत्येक वेळी मागितली जाईलच असे नाही.

तिथेही काही झाले नाही, तर हेच पान सगळ्या कार्डांच्या प्रतींसह कंपनीच्या ग्राहक विभागाकडे पाठवावे. डीलर आणि कंपनी हे सहसा वेगळे व्यवसाय असतात आणि डीलरकडून दाद न लागलेले प्रकरण कंपनीकडे गेल्यावर हलते, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. वॉरंटी नुकतीच संपली असेल आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी सलग असतील, तर कंपनी कधीकधी सद्भावना म्हणून खर्चाचा काही भाग उचलते. तो तुमचा हक्क नसतो, त्यामुळे भाषा विनंतीची ठेवावी. त्यापुढचा मार्ग म्हणजे आपापल्या देशातील ग्राहक तक्रार यंत्रणा; तिथेही हेच कागद लागतात.

वॉरंटी संपलेली असेल आणि बिघाड किचकट असेल, तर स्वतंत्र गॅरेजमधील अनुभवी मेकॅनिकला गाडी दाखवण्यात कमीपणा काही नाही. तिथे गाडी उघडणाऱ्या माणसाशी थेट बोलता येते. गाडी वॉरंटीत असताना मात्र बाहेर काम करून घेण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात, कारण त्याबाबतचे नियम प्रत्येक देशात सारखे नाहीत. आणि डीलर कायमचा सोडला, तरी वर्षातून एकदा चॅसिस क्रमांक देऊन रिकॉलची चौकशी करत राहावी. ते काम अधिकृत डीलरकडेच आणि सहसा विनामूल्य होते, गाडी तुम्ही कोणाकडून घेतली आहे याचा त्याच्याशी संबंध नसतो.